मॉलच्या दारात सह्या गोळा करायच्या तर : पुण्यातल्या कार्यकर्त्यांसाठी

शनिवारची संध्याकाळ. टेकडीवरून जाणाऱ्या रस्त्याच्या विरोधात सह्या गोळा करायला आम्ही चौघं एका मॉलमध्ये शिरलो. दोन क्लिपबोर्ड, चार पेनं, पिशवीत दोनशे पत्रकं. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी गर्दी चांगली होती, पाच मिनिटांत दहा सह्या झाल्या. अकरावी सही चालू असताना गार्ड आला. "सर, इथं अलाउड नाही." मी छाती पुढे काढून राज्यघटनेचं कलम १९ सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते असंल सर, पण इथं मॅनेजर आहे."

मॅनेजर आला, आम्ही बाहेर गेलो. पायऱ्यांवर उभे राहिलो, तर तिथूनही हाकललं. शेवटी कणसं भाजणारे एक मामा वैतागून म्हणाले, "अहो, त्या गटाराच्या झाकणांच्या अलीकडं या की. पलीकडं मॉलवाल्यांचं, अलीकडं कॉर्पोरेशनचं. अतिक्रमणवाल्यांची गाडी मला इथनंच उचलती, तिथनं नाय."

पुढच्या दीड तासात आम्हाला कुणी हटकलं नाही. घटना मला पाठ होती, पण ती जमिनीवर कुठून सुरू होते हे मामांना ठाऊक होतं. हा सगळा लेख त्या झाकणांच्या रांगेबद्दल आहे.

आधी एक गैरसमज

आपल्या ग्रुपांवर अधूनमधून एक मेसेज फिरतो : 'मॉलमध्ये पत्रकं वाटणं हा तुमचा मूलभूत हक्क आहे, कोर्टानं तसं सांगितलंय.' सांगितलंय खरं, पण कॅलिफोर्नियात. कॅम्पबेल गावच्या प्रूनयार्ड शॉपिंग सेंटरमध्ये काही शाळकरी मुलं टेबल मांडून सह्या घेत होती, त्यांना हाकलण्यात आलं. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला, पण तो कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या राज्यघटनेच्या आधारावर. अमेरिकेच्या मुख्य घटनेखाली खासगी मॉलमध्ये असा हक्क मिळत नाही, हे त्याच न्यायालयानं १९७२ आणि १९७६ मध्ये सांगून टाकलं होतं.

मला त्याहून जवळचा वाटतो तो इंग्लंडमधला ॲपलबी खटला. वॉशिंग्टन नावाच्या गावात एका मैदानावर बांधकाम होणार होतं. त्याविरुद्ध गावकऱ्यांना सह्या घ्यायच्या होत्या. गावाचा मध्यवर्ती बाजार म्हणजेच शॉपिंग सेंटर. ते सरकारी महामंडळानं बांधलेलं, पण पुढे खासगी कंपनीला विकलेलं. कंपनीनं मज्जाव केला. २००३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानंही गावकऱ्यांच्या विरोधात निकाल दिला : तुम्ही घरोघर जाऊ शकता, बाहेरच्या रस्त्यावर उभे राहू शकता, मग हक्क मारला कुठे गेला? नावं बदलली तर ही पुण्याचीच गोष्ट वाटेल.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो

कलम १९(१)(क) भाषणाचं आणि (ख) शांततेनं, विनाशस्त्र एकत्र येण्याचं स्वातंत्र्य देतं. मुळात हे हक्क सरकारसमोर उभे करायचे आहेत, मॉलमालकासमोर नव्हे. आणि जागा सरकारी असली तरी सगळं मोकळं आहे असंही नाही. १९६९ मध्ये रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की भाषणाचं स्वातंत्र्य आहे म्हणून ते दुसऱ्याच्या जागेत, वाटेल तिथे वापरता येत नाही. तिथे 'दुसरा' म्हणजे चक्क रेल्वे होती. मॉलला लागून मेट्रो स्टेशन असेल तर 'मग स्टेशनात उभं राहू' ही युक्ती कुणी ना कुणी सुचवतंच, म्हणून सांगतो : २००२ च्या मेट्रो रेल्वे कायद्यानं स्थानकाच्या आवारात निदर्शनांना बंदीच आहे.

रस्त्याची गोष्ट वेगळी. १९७२ चा हिंमतलाल शहा निकाल अहमदाबादचा असला तरी आपल्या कामाचा आहे, कारण तो मुंबई पोलीस कायदा, १९५१ बद्दल होता आणि तोच कायदा आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावानं आपल्याला लागू आहे. सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचं पोलीस नियमन करू शकतात, पण कुठलाही निकष न ठेवता सरसकट नाही म्हणण्याचा अधिकार त्यांना नाही, असं घटनापीठानं ठरवलं. २०२० च्या शाहीन बाग निकालानं त्याला मर्यादा घातली : सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही.

आणि एक तारीख लक्षात ठेवा, ३ जानेवारी २०२३. त्या दिवशी कौशल किशोर खटल्यात घटनापीठानं बहुमतानं म्हटलं की कलम १९ आणि २१ चे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतील. वाचून आमच्यातले दोघं उड्या मारायला लागले. त्याच दिवशी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानं, चित्रपटगृहात बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्याच्या वादात, सांगितलं की थिएटर ही मालकाची खासगी मालमत्ता आहे आणि सार्वजनिक हिताला बाधा येत नाही तोवर तो अटी घालू शकतो. पहिल्या निकालावर एखादा अभ्यासू वकील उच्च न्यायालयात जरूर भांडेल. शनिवारी संध्याकाळी गार्डसमोर मात्र दुसराच चालतो.

मॉलच्या मर्जीवर एक घटनात्मक लगाम आहे, कलम १५(२). दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा इथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणानं कुणालाही प्रवेश नाकारता येत नाही. तुमच्या टी-शर्टवरच्या घोषणेवरून अडवलं तर वाद अवघड आहे. आडनाव किंवा पेहराव बघून धर्म-जातीवरून अडवलं तर तुमची बाजू भक्कम आहे.

पायरी पहिली : रेष शोधा

हे काम मोहिमेच्या निदान महिनाभर आधी करायचं. मॉलसमोरची मोकळी जागा बहुधा तीन प्रकारची असते आणि डोळ्यांना तिन्ही सारख्याच दिसतात, कारण मॉलवाले सगळीकडे एकच फरशी घालतात.

एक, फ्रंट मार्जिन : इमारतीपुढे नियमानुसार मोकळी सोडलेली जागा. मोकळी आहे म्हणून सार्वजनिक होत नाही, ती मालकाचीच. दोन, रस्तारुंदीत गेलेली पट्टी : विकास आराखड्यातला रस्ता रुंद करण्यासाठी मालकानं महापालिकेला दिलेली आणि बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच प्लॉटवर जादा बांधकामाची मुभा) घेतलेला. ही महापालिकेची. पुण्यात खरी मजा इथेच आहे, कारण जागा ताब्यात दिलेली असते आणि तिच्यावर मॉलच्या कुंड्या, बोलार्ड आणि 'प्रायव्हेट प्रॉपर्टी' अशी पाटीही असते. तीन, फुटपाथ. त्याबद्दल वाद नाही.

कागद काढायचे ते असे. मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड (किंवा सात-बारा), महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतं. त्यावर महापालिकेच्या नावे किती क्षेत्र गेलंय ते बघा. मग महापालिकेच्या बांधकाम विकास विभागातून इमारतीचा मान्य नकाशा. नकाशात रस्तारुंदीचं क्षेत्र वेगळ्या रंगात दाखवलेलं असतं आणि प्लॉटच्या हद्दीपासून अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं. ते अंतर जागेवर जाऊन टेपनं मोजा. आम्ही गेलो तेव्हा गार्डनं विचारलं, "काय मोजताय?" माझी मैत्रीण म्हणाली, "गटार." खोटंही नव्हतं.

सोमवारी दुपारी नागरिकांना फाइली बघू देण्याची पद्धत पुण्याच्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी रुजवली. जाण्याआधी विभागात वेळ विचारून घ्या. तसं जमलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला तीस दिवस. प्रश्न गोल नको. 'अमुक सर्व्हे नंबरमधील रस्तारुंदीने बाधित क्षेत्र महापालिकेच्या ताब्यात आले आहे का, असल्यास ताबा पावतीची व मान्य नकाशाची प्रत द्यावी.' एवढंच. मिळालेल्या नकाशाची रंगीत प्रत लॅमिनेट करून सोबत ठेवा. कलम १९ पेक्षा हा कागद गार्डला लवकर पटतो.

पायरी दुसरी : आत जायचंच असेल तर मागून बघा

आपल्या मंडळींना परवानगी मागणं कमीपणाचं वाटतं. मागा. मॉलच्या आतल्या मोकळ्या जागा मार्केटिंग विभाग भाड्यानं देतो, गाड्या आणि क्रेडिट कार्डं तिथे मांडलेली असतात ती याच वाटेनं. रक्तदान, नेत्रदान, वाहतूक सुरक्षा अशा विषयांना फुकट जागा मिळू शकते. नदी, टेकडी, कचरा यांना कधी मिळते, कधी नाही, ते मालकाच्या बांधकाम धंद्याचे हितसंबंध कुठे आहेत त्यावर ठरतं. पक्षाचा झेंडा असेल तर वेळ घालवू नका.

पत्र एका पानाचं असावं. किती माणसं, कोणती तारीख, किती ते किती, किती टेबलं, कोणता मजकूर (पत्रकाची प्रत जोडा). ध्वनिक्षेपक नाही, घोषणा नाहीत, वर्गणी नाही, कचरा आम्ही उचलू. तोंडी होकारावर विसंबू नका. शनिवारी ड्युटीवरचा मॅनेजर वेगळा असतो आणि त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. ईमेलचं उत्तर छापून खिशात ठेवा. नकार आला तरी तो लेखी घ्या, पुढे कोर्टात 'आम्ही आधी विचारलं होतं' हे दाखवायला उपयोगी पडतो.

पायरी तिसरी : पोलीस

आधी हद्द बघा. विमाननगर, हडपसर, सेनापती बापट रस्ता पुणे पोलीस आयुक्तालयात, वाकड आणि चिंचवड पिंपरी-चिंचवडमध्ये. हे आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. शिवाय २०२४ मध्ये पुण्यात खराडी, बाणेर, फुरसुंगी, काळेपडळ अशी नवी ठाणी झाली, त्यामुळे जुन्या आठवणीवर जाऊ नका.

मग मनाई आदेश बघा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) आणि (३) खाली पोलीस जमावबंदी लावू शकतात. ३७(३) चा आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. पुण्यात सण, निवडणूक, मोर्चा असं काही ना काही असतंच, त्यामुळे एक संपला की दुसरा लागलेला दिसतो. आदेशात साधारणपणे 'पाच किंवा अधिक व्यक्ती' असे शब्द असतात. आम्ही चौघंच का जातो ते आता कळलं असेल. अर्थात तेवढ्यावर हुशारी दाखवू नका, आदेश पूर्ण वाचा. नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १६३ (जुनं १४४) लागू आहे का तेही विचारा. आदेश मोडला तर न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम २२३ लागू शकतं.

पाच किंवा त्याहून जास्त माणसं येणार असतील, टेबल टाकायचं असेल, फलक धरायचे असतील, तर पोलीस ठाण्याला चार-पाच दिवस आधी पत्र द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. 'साहेब राउंडला गेलेत, उद्या या' असं ऐकावं लागेल. पत्र आवक टेबलावर द्यायला साहेब लागत नाहीत. ध्वनिक्षेपक मागूच नका, त्याला वेगळी लेखी परवानगी लागते आणि सह्या घ्यायला त्याचा उपयोगही नसतो.

पायरी चौथी : पत्रक

पत्रकात फक्त कागदावर दाखवता येईल तेवढंच लिहा. 'बिल्डरांनी टेकडी विकत घेतली' हे बोललं काय किंवा छापलं काय, न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी होऊ शकते, आणि छापलेला कागद आयता पुरावा असतो. कंपनीचं बोधचिन्ह उपरोधानं वापरायचं असेल तर दिल्ली उच्च न्यायालयाचा २०११ चा टाटा सन्स विरुद्ध ग्रीनपीस निकाल वकिलाला दाखवा. धामरा बंदर आणि कासवांवरच्या एका व्हिडिओ गेममध्ये टाटांचं चिन्ह वापरलं होतं, न्यायालयानं तो गेम थांबवायला नकार दिला होता. खाली संस्थेचं आणि छापखान्याचं नाव टाका. निवडणुकीच्या पत्रकावर ते सक्तीचंच आहे.

स्टिकर, स्प्रे, खांबाला बांधलेले फ्लेक्स नकोत. मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा १९९५ पासून आहे आणि तुमच्यावर गुन्हा नोंदवायला तो सर्वांत सोपा आहे.

पायरी पाचवी : प्रत्यक्ष उभं राहणं

रेषेच्या अलीकडे. पाठ मॉलकडे, तोंड रस्त्याकडे. व्हीलचेअर जाईल एवढी वाट कायम मोकळी. गाड्यांच्या प्रवेशद्वारासमोर कधीच नाही, तिथे एक हॉर्न वाजला की 'वाहतूक अडवली' झालं. लोक पाच ते साडेसातमध्ये थांबतात, त्यानंतर सिनेमाची घाई असते. येताना कुणी थांबत नाही. जाताना, हातात पिशव्या आणि आइस्क्रीम असलेली माणसं निवांत ऐकतात.

चौघांची कामं वाटून घ्या. दोघं सह्या, एक पत्रकं, आणि एक जण फक्त बघायला. त्यानं बोलायचं नाही, वाद घालायचा नाही, फोनवर वेळ आणि घटना टिपत राहायचं. भडक डोक्याच्या माणसाला हे काम देऊ नका. आमच्याकडे ते मला देत नाहीत.

गार्ड आला तर त्याच्याशी भांडू नका. तो कंत्राटी असतो, दिवसभर उभा असतो आणि तुम्हाला हलवलं नाही तर बोलणी त्यालाच बसतात. "दादा, आम्ही महापालिकेच्या जागेत आहोत, हा नकाशा. तुमच्या साहेबांना बोलवा, आम्ही थांबतो," एवढं बोला आणि खरंच थांबा.

रेषेच्या आत, म्हणजे मॉलच्या जागेत असाल आणि जा म्हणाले तर निघा. इथे कायदा नीट समजून घ्या. कुणाच्या जागेत नुसतं शिरणं हा गुन्हा नाही. न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या उद्देशानं शिरलं, किंवा रीतसर आत येऊन त्या उद्देशानं थांबून राहिलं, तर ते फौजदारी अतिक्रमण. साध्या प्रकाराला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, इमारतीत असेल तर एक वर्षापर्यंत कैद. 'निघा' सांगितल्यावर घोषणा देत बसलात की 'त्रास देण्याचा उद्देश' तुम्ही स्वतःच सिद्ध करून देता. निघताना एवढं म्हणा : "तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही निघतोय." बघ्यानं ती वेळ लिहून ठेवायची.

पण गार्डच्या मर्यादाही माहीत हव्यात. खासगी माणसाला अटक करता येते ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली. त्यासाठी गुन्हा त्याच्यासमोर घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र असावा लागतो (फरारी घोषित आरोपी सोडून), आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावं लागतं. कलम ३२९ चा हा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे सह्या घेतल्या म्हणून तुम्हाला 'सिक्युरिटी रूम'मध्ये बसवून ठेवता येत नाही, तसं केलं तर तो बेकायदा अटकाव, कलम १२७. फोन हिसकावणं, फोटो खोडायला लावणं, पत्रकं फाडणं यातलं काहीही त्यांच्या अधिकारात नाही. तसं झालं तर ११२ तुम्हीच लावा.

शूटिंगबाबत : मॉलच्या आत मालक मनाई करू शकतो, फुटपाथवरून करू शकत नाही. तरीही येणाऱ्याजाणाऱ्यांचे, विशेषतः मुलांचे चेहरे टाळा.

पायरी सहावी : गाडी आली तर

"चला, चौकीला चला" याचा अर्थ आधी विचारा : अटक, ताब्यात घेणं की नुसतं बोलावणं? पोलिसाच्या वाजवी सूचना पाळल्या नाहीत तर पोलीस अधिनियमाच्या कलम ६८-६९ खाली तुम्हाला तिथून हलवता येतं आणि किरकोळ बाबतीत प्रसंग संपल्यावर सोडता येतं. आपल्या बाबतीत बहुतेकदा एवढंच होतं : दोन तास बाकावर, चहा, नावपत्ता, घरी.

अटक असेल तर कारणं लेखी मागा. नातेवाइकाला कळवणं, वकिलाला भेटू देणं, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेणं बंधनकारक आहे. सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. आपल्या मोहिमा संध्याकाळीच असतात, म्हणून हे मैत्रिणींना पाठ असू द्या. कोऱ्या कागदावर सही नाही. वकिलाचा नंबर हातावर पेनानं लिहा, फोन जवळ राहीलच असं नाही. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते.

पायरी सातवी : सोमवारी

मोहीम चालली की मॉल पोलिसांकडे जाण्याऐवजी दिवाणी न्यायालयात जाण्याची शक्यता जास्त. 'प्रवेशद्वारापासून इतक्या मीटरच्या आत निदर्शनं नकोत' असा मनाई हुकूम मागतात, आणि तुमचं म्हणणं न ऐकता तो मिळाला तर ती झाकणांची रांग, नकाशा, सगळं महिनाभर निरुपयोगी. यावर उपाय कॅव्हेट. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली शिवाजीनगर कोर्टात दाखल करायचं, म्हणजे तुम्हाला नोटीस दिल्याशिवाय हुकूम निघू नये. संस्थेच्या नावानं आणि प्रमुख कार्यकर्त्यांच्या नावानंही करा, कारण दावा कुणावर लावतील सांगता येत नाही.

कॅव्हेट नव्वद दिवस चालतं, मग पुन्हा करावं लागतं. आमचं संपलं, हे आम्हाला चौऱ्याण्णवाव्या दिवशी आठवलं. तेही मॉलच्या वकिलाच्या पत्रामुळे.